बारा कड्यांची साखळी

कागद आडवा धरायचा की उभा, इथंच आकाराम फौजीची गाडी पहिल्यांदा अडली.

समोर त्याची नात ओवी मांडी ठोकून बसली होती. सात वर्षांची, दुसरीतली. शाळेला दिवाळीची सुट्टी लागल्याबरोबर तिची आई क्रांती तिला सांगलीहून एसटीनं घेऊन आली आणि त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. क्रांती दवाखान्यात नर्स होती आणि दिवाळीत तिला ड्युटी लागली होती. ओवीचा बाप म्हणजे आकारामचा मुलगा वीरधवल, तोही बापासारखाच फौजेत, वर बर्फाच्या मुलखात. यंदा दिवाळीला सुट्टी नाही, हे त्यानं दसऱ्यालाच फोनवर सांगून टाकलं होतं. त्यामुळं कडेगावच्या पुढं, उसाच्या रानातल्या त्या घरात दिवाळीला माणसं तीनच: आकाराम, त्याची बायको चंद्राबाई आणि ही पोर.

पोरीच्या दप्तरात शाळेनं दिलेला एक कागद होता. सुट्टीत घरच्यांबरोबर कागदाच्या पाच वस्तू करायच्या होत्या. कंदील, भिंगरी, पताका, फूल आणि होडी. रंगीत घोटीव कागदाचं पाकीट क्रांतीनं बरोबर दिलं होतं. चंद्राबाई चकलीच्या भाजणीत बुडालेली, म्हणून हे काम आपसूक आकारामच्या गळ्यात पडलं.

"आबा, उभी घडी घाला. आता बंद बाजूनं कात्री लावा. पार टोकापर्यंत नाही न्यायची, दोन बोटं सोडायची."

आकारामनं मान डोलावली आणि उघड्या बाजूनं कात्री लावली. पंधरा काप घेऊन झाल्यावर त्यानं कागद उलगडला, तर दोन्ही कडांना झिरमिळ्या लोंबायला लागल्या.

"ह्यो कंदील व्हय गं?"

ओवीनं कपाळावर हात मारला. "आबा, हा खराटा झाला."

दुसऱ्या कागदाचा मात्र कंदील झाला. घडी उलगडून कागदाची नळी केली, कडा चिकटवल्या आणि वरून हलकं दाबलं, तशा मधल्या पट्ट्या बाहेर फुगल्या. आकाराम बघतच राहिला. चोवीस वर्षं त्यानं पलटणीत काढली होती. बंदूक डोळे बांधून खोलून पुन्हा जोडली होती. पण कागदाला नुसते काप दिले की त्याचा कंदील होतो, हे साठीच्या पुढं त्याला पहिल्यांदाच कळत होतं. दिवसभरात त्यानं तसले चार कंदील केले आणि चौथा चंद्राबाईला नेऊन दाखवला. ती म्हणाली, "ब्येस झालाय. आता जरा सरका, तेल तापलंय."

त्या संध्याकाळी वीरधवलचा फोन आला. सगळ्यांशी बोलून झाल्यावर ओवी फोन घेऊन आतल्या खोलीत धान्याच्या पोत्यांमागं गेली. बराच वेळ तिची नुसती कुजबुज ऐकू येत होती. बाहेर आली तेव्हा ओठ घट्ट मिटलेले आणि डोळे मात्र नाचत होते.

"काय म्हणत व्हतं पप्पा?" आकारामनं विचारलं.

"काही नाही."

"इतका वेळ काहीच न्हाई?"

"काही नाही म्हणलं ना. आबा, उद्या आपण साखळी करायची. कागदाची."

"यादीत कुठं हाय साखळी?"

"नसू दे. करायची. बारा कड्यांची."

दुसऱ्या दिवशी सकाळी आकारामनं मैद्याची खळ शिजवली. फूटपट्टी घेऊन एक इंच रुंद आणि आठ इंच लांब अशा पट्ट्या आखल्या. एका पट्टीची टोकं चिकटवून कडी करायची, तिच्यातून दुसरी पट्टी ओवायची, तिची कडी करायची. हे काम त्याला कंदिलापेक्षा सोपं वाटलं. हात चालायला लागला, तसा त्याला उत्साह चढला.

"ह्या सोप्याच्या या टोकापासनं त्या टोकाला बांधायची म्हणलं तर तीस कड्या तर लागतील बघ," तो म्हणाला.

"बाराच."

"आगं, बारा कड्यांची साखळी म्हणजे हातभर. शोभंल का ती?"

"आबा, बारा म्हणजे बारा. एकपण जास्त नको आणि एकपण कमी नको."

इतकं ठामपणे त्याला एका सुभेदार मेजरनंच कधीतरी बजावलं होतं. त्यानं तेरावी पट्टी खाली ठेवली. साखळी कुठं लावायची, तेही ओवीनंच ठरवलं. आतल्या खोलीत तिच्या गादीशेजारी, भिंतीच्या खालच्या खिळ्याला, जिथं तिचा हात पोचेल तिथं. दारात नाही, सोप्यात नाही. कुणाला दिसूच नये अशा जागी तोरण लावायचं, हे काही आकारामला उमगलं नाही. पण पोरीची हौस, म्हणून तो गप्प बसला. लक्ष्मीपूजनाला त्या दिवसापासून आठ दिवस होते.

साखळी लावल्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी गादी उचलताना त्याचं लक्ष साखळीकडं गेलं आणि ती त्याला आखूड वाटली. त्यानं मोजली. नऊ. पुन्हा मोजली, बोट लावून मोजली. नऊच.

"ओवे, साखळीच्या कड्या कुठं गेल्या गं?"

पोरगी दारात उभी होती. तिनं एकदा साखळीकडं बघितलं, एकदा आजोबाकडं, आणि मान खाली घातली. "मला काय माहीत?"

तिचे कान लाल झाले होते. आकारामला वाटलं, कड्या गेल्या म्हणून पोरीला रडू येतंय. त्यानं तिला जवळ घेतलं. "जाऊ दे, जाऊ दे. उंदराचं काम आसंल. खळीला मैद्याचा वास येतोय न्हवं? त्येनंच चाटून न्हेल्या."

ओवी खेळायला गेल्यावर आकारामनं तीन पट्ट्या कापल्या आणि साखळी पुन्हा बाराची करून ठेवली. या खेपेला खळ वापरलीच नाही. कडेगावला एकजण निघाला होता, त्याच्याकडून फेव्हिकॉलची बाटली मागवली. फेव्हिकॉल उंदीर खात नाही, असा त्याचा हिशेब. पोरीला सांगायचं नाही, तिनं आपणहून बघितलं की खूश होईल, असंही त्यानं मनाशी ठरवलं.

चौथ्या दिवशी सकाळी त्यानं हळूच जाऊन बघितलं. अकरा.

त्यानं एक जोडली. पाचव्या दिवशी पुन्हा अकरा. त्यानं पुन्हा एक जोडली. सहाव्या दिवशी मात्र खिळ्याखाली पडलेला एक तुकडा त्याला सापडला आणि तो चक्रावला. दातांची एक खूण नाही. कात्रीनं घेतलेला सरळ काप.

तो तुकडा घेऊन तो चुलीपाशी गेला. चंद्राबाई करंज्या लाटत होती. तिनं तुकडा बघितला आणि हसली.

"उंदीर आता कात्री घिऊन येतो व्हय?"

"मग कोण?"

"आवं, पोरगीच कापतीया. म्या दोनदा बघितलं. तोंडबी धुवायच्या आदी उठती, कात्री घेती, एक कडी काढती आन् दप्तरात सारती."

"आन् मला सांगितलं न्हाईस?"

"मला वाटलं, तुमचा दोघांचा कायतरी खेळ आसंल."

आकाराम जाऊन सोप्यात बसला. सकाळी ती तोडते, दुपारी मी जोडतो, हा कसला खेळ? बरं, साखळी हवी म्हणून हट्ट तिचाच. मग ती कापायची कशाला? त्याच्या मनात हळूहळू एकच गोष्ट घर करायला लागली. त्याच्या कड्या वेड्यावाकड्या होत्या. एक मोठी, एक बारीक, कुठं खळीचे डाग पडलेले. शाळेत त्यांच्या बाई याच वस्तू किती नेटक्या करत असतील. आजोबाला तोंडावर बोलायला नको, म्हणून पोर एकेक वाईट कडी काढून टाकत असणार.

त्या दुपारी त्यानं जोडलेली कडी फार निगुतीनं केली. पट्टी दोनदा मोजली. दुसऱ्या दिवशी ती कडी जागेवर होती, पण दुसऱ्या टोकाची एक गेलेली होती. आता त्याला काहीच कळेना.

या दिवसांत ओवी मात्र बदलत चालली होती. आल्या आल्या रानभर उड्या मारणारी पोर आता सोप्याच्या पायरीवर बोटं मोडत बसायची. भिंगरी केली, पताका केल्या, फूल केलं, पण नुसतं सांगितलेलं काम उरकावं तसं. खाणं निम्म्यावर आलं. आणि मधेच ती असले प्रश्न विचारायची, की आकाराम बुचकळ्यात पडायचा.

"आबा, दिवस वाढतात का हो?"

"वाढत्यात की. उन्हाळ्यात मोठं हुत्यात. आता थंडीत बारकं व्हनार."

"तसं नाही. म्हणजे पाच दिवस गेले, तरी तेवढेच राहतात, असं होतं का?"

"न्हाई गं. गेल्यालं दिवस गेलंच की."

तिनं पाची बोटं समोर धरून बघितली, काहीतरी पुटपुटली आणि उठून गेली. आकारामला वाटलं, शाळेचं गणित असेल.

शेजारची शालूबाई चकल्यांची चव बघायला आली होती. ओवीचं तोंड बघून तिनं निदान करून टाकलं. "दिष्ट लागलीया पोरीला. शहरातली पोर, गोरीगोमटी. मीठमोहऱ्या उतरून टाका." चंद्राबाईनं तेही केलं. मोहऱ्या चुलीत तडतडल्या. ओवी मुकाट्यानं उभी राहिली आणि शेवटी म्हणाली, "आज्जी, आता बारा कमी होतील का?" चंद्राबाई नवऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

आकारामनं सुनेला फोन लावला. "क्रांती, पोरगी कशानं तरी आतल्या आत झुरतीया बघ."

"माझी आठवण येत असेल, आप्पा. पण फोनवर विचारलं तर काहीच सांगत नाही. मलाच कळेना झालंय."

"तू येतीस का एखांदा दिवस?"

"भाऊबीज झाल्याशिवाय नाही हो सुटका. इथं निम्मा स्टाफ गावाला गेलाय."

लक्ष्मीपूजनाचा दिवस उजाडला. पोरीला आज तरी हसवायचंच, असं आकारामनं मनावर घेतलं. दुपारी चंद्राबाई ओवीला घेऊन शालूबाईकडं फराळाचं ताट द्यायला गेली, तेवढ्यात त्यानं पाकिटातले उरलेसुरले सगळे कागद काढले. खोलीतल्या साखळीला सकाळी एक कमी होऊन अकरा कड्या राहिल्या होत्या. त्यानं तिला एकोणीस कड्या जोडल्या. लाल, पिवळी, हिरवी, जांभळी, रंग ओळीनं लावले. एकही कडी लहानमोठी नाही, एकही डाग नाही. तीस कड्यांची ती साखळी त्यानं सोप्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधली आणि मधोमध ओवीबरोबर केलेला कागदी कंदील टांगला.

दिवेलागणीला पूजा मांडली. उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत चंद्राबाईनं रांगोळीची लक्ष्मीची पावलं काढली. ओवी नवा परकर नेसून बाहेर आली. तिनं वर बघितलं.

ती तिथंच थांबली. तिचं बोट हवेत फिरायला लागलं. एक, दोन, तीन. आकाराम कौतुकानं बघत होता. मोजणी तिसावर आली आणि पोरीच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला.

"तीस? आज्जी, तीस कशा झाल्या?"

तिचा आवाज ऐकून आकारामच्या तोंडातलं 'म्या केल्या' तोंडातच राहिलं. चंद्राबाईच्या एका हातात आरतीचं ताट, एका हातात काडेपेटी, मुहूर्त चाललेला. पोर पूजेच्या वेळी रडायला नको म्हणून ती घाईनं म्हणाली, "आगं, आज लक्ष्मी आली न्हवं घरात? तिनंच वाढवल्या. तिच्या पायानं घरातलं सगळं वाढतं, बाळा."

ओवीनं असा टाहो फोडला, की शालूबाई तिच्या दारातून धावत आली. "मला नको वाढवायला! मला कमी पायजेत! तिला सांग, कमी कर!" तिनं प्रसादाला हात लावला नाही. लाह्या-बत्तासे तसेच राहिले. फुलबाजी तिनं पेटवून घेतली नाही. आकारामनं साखळी सोप्यातून उतरवली आणि मुकाट्यानं पुन्हा तिच्या गादीशेजारी नेऊन लावली. दुसरं काय करावं, त्याला सुचेना.

पाडव्याच्या सकाळी चंद्राबाई अंगणात आली आणि कपाळाला हात लावून उभी राहिली. लक्ष्मीची पावलं कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसून काढली होती. उंबऱ्याबाहेरची, उंबऱ्याच्या आतली, एकूण एक.

"हे तू केलंस?" तिनं विचारलं.

"हो," ओवी म्हणाली. या खेपेला तिचे कान लाल झाले नव्हते. "ती वाईट आहे."

चंद्राबाई थरकली. लक्ष्मीला वाईट म्हणणारं माणूस त्या घरात आजवर कुणी झालं नव्हतं. तिनं दोन दिवस देवापुढं जास्तीचा दिवा लावला. आकारामला तर काही विचारायचीच भीती वाटायला लागली. त्या दिवसापासून त्यानं एकही कडी जोडली नाही. रोज सकाळी कात्रीचा आवाज मात्र यायचा.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ओवी आपणहून त्याच्याजवळ येऊन बसली. आकारामला बरं वाटलं.

"आबा, फौजेत समजा एखादा माणूस दिवस संपायच्या आधीच घरी आला, तर काय होतं?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं असं काही विचारलं, ज्याचं उत्तर त्याला ठाऊक होतं. तो खुलला. "आदीच? रजा मंजूर नसताना? लय वंगाळ काम ते. आमच्या पलटणीत नाथाजी म्हणून एकजण व्हता. बायकोची आठवण आली, आला पळून. दोन दिवस घरात ऱ्हायला न्हाई, तवर मिलिटरी पोलिसांची जीप दारात. बेड्या घालून न्हेला. मग कोठडी. पगार बंद. साहेब म्हणला..."

तो सांगत राहिला. ओवीचे डोळे मोठे होत गेले, पण गोष्टीच्या भरात ते त्याच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आकाराम सोप्यात पडला होता. चंद्राबाई उरलेले पोहे निवडत होती. ओवी शेवटची वस्तू म्हणून कागदाची होडी करत बसली होती. एवढ्यात रस्त्याकडून माणसं भरून नेणारी वडापची जीप आली आणि बांधाशी थांबली. पाठीवर मोठी पिशवी आणि हातात काळी ट्रंक घेतलेला एक माणूस उतरला.

"आयला," आकाराम उठून बसला. "वीरू?"

चंद्राबाईच्या हातातलं सूप कलंडलं. "अगं बाई, माझा बाळ आला!"

वीरधवल हसत अंगणात शिरला. ट्रंक खाली ठेवून त्यानं दोन्ही हात पसरले. "ओवी! ये की. बरोब्बर बारा दिवस झालं का न्हाई?"

ओवी जागची हलली नाही. तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. मग ती एकदम सुटली, बापाच्या कमरेला तिनं मिठी मारली आणि त्याच दमात त्याला आत ओढायला लागली. "पप्पा, आत या. लवकर या ना! पोत्यांच्या मागं बसा. ट्रंक पण आत घ्या."

"आगं, काय झालं?"

"तुम्ही का आलात? अजून सव्वीस दिवस राहिलेत!"

बाहेर जीपवाल्यानं वळण घेताना हॉर्न वाजवला. ओवी किंचाळली. "आबा, दार लावा! आले ते! त्यांना सांगा पप्पा इथं नाहीत!"

आकाराम उंबऱ्यावर उभा. एका बाजूला ठणठणीत पोरगा, सहा महिन्यांनी बघितलेला. दुसऱ्या बाजूला बापाला आत ओढणारी नात. कोण आलं, कुणाला लपवायचं, कशाचे सव्वीस दिवस? त्यानं दार मात्र लावलं. का लावलं, ते त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

वीरधवल पोत्यांजवळ खाली बसला आणि त्यानं पोरीला मांडीवर घेतलं. "कोण आलं बाळा? वडापवाला हाय तो. माझ्याकडं रजेचा कागद हाय. हे बघ, शिक्का. चांगली एक महिन्याची रजा."

ओवीनं कागद बघितला. शिक्का बोटानं चाचपला. मग ती हुंदके देत बोलायला लागली, आणि बारा दिवसांचं सगळं तिच्या तोंडून बाहेर आलं. पहिल्या फोनवर पप्पांनी तिला एकटीलाच गुपित सांगितलं होतं. रजा मिळणार, पण आईला, आज्जीला, आबांना कळू द्यायचं नाही, सगळ्यांना चकित करायचं. बारा कड्यांची साखळी कर, रोज सकाळी एक काढ, शेवटची कडी निघाली की मी दारात. ती रोज एक काढत होती. पण दुसऱ्या दिवशी साखळी पुन्हा बाराची व्हायची. मग लक्ष्मीनं ती तीसची केली. आणि आबा म्हणाले, आधी आलं की बेड्या घालतात.

चंद्राबाईनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, सांगता येत नव्हतं.

आकाराम भिंतीला टेकून खाली बसला. डोळ्यांपुढून एकेक दुपार सरकत गेली. पोर खेळायला गेली की कात्री घेऊन बसणारा तो, आणि सकाळी उठून पुन्हा बारा मोजणारी ती.

"ओवे," तो म्हणाला, "लक्ष्मीचा काय बी दोष न्हाई. त्या कड्या म्या जोडल्या."

ओवीनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. "तुम्ही?"

"मला वाटलं उंदीर खातोय. मग वाटलं, तुला माझ्या कड्या पसंत न्हाईत. म्हणून चांगल्या करत गेलो. मला काय ठावं, की त्यात दिवस मोजत हुतीस."

"रोज तुम्ही जोडत होता?"

"व्हय."

"आणि मला सांगितलं पण नाही?"

"न्हाई सांगितलं. चुकलंच माझं."

तिनं तोंड फिरवलं आणि बापाच्या खांद्यात खुपसलं. "आबांशी मी बोलणार नाही."

ती खरंच बोलली नाही. वीरधवलनं क्रांतीला फोन लावला, ती तिकडून रडली, हसली, रागावली आणि उद्याच्या पहिल्या गाडीनं येते म्हणाली. ओवी तिच्याशी घडाघडा बोलली. आज्जीच्या सांगण्यावरून देव्हाऱ्यापुढं उभी राहून तिनं कान धरले आणि लक्ष्मीला सॉरी म्हणून आली. पोटभर करंज्या खाल्ल्या. पण आकाराम सोप्यात आला की ती आत जायची आणि तो आत गेला की ती सोप्यात यायची. त्यानं दोनदा हाक मारून बघितली. मग हाक मारणं सोडून दिलं.

उन्हं कलल्यावर बापलेक पायरीवर बसले. ओवी वीरधवलच्या पाठीला टेकून कागदाच्या होडीला शीड लावत होती. उसाला तुरे आले होते. तोडणीच्या टोळ्या अजून यायच्या होत्या.

"तुमी कागद कापत बसला हुता, आप्पा?" वीरधवल म्हणाला. "मला खरंच वाटंना."

"मलाबी न्हाई वाटत." आकारामनं पायाजवळचा कागदाचा कपटा उचलला. "तू बारका हुतास तवा मी बी असाच लांब. वर्षातनं दोन खेपा यायचो. तू कसं मोजायचास रं दिवस?"

वीरधवलनं वाकून बुटाची नाडी सैल केली. "मोजायचो न्हाई. आई म्हणायची, येतील. मग मी इसरून जायचो. तुमी आला की आई म्हणायची, ह्ये बघ, कोण आलं. मग मी तुमच्या तोंडाकडं बघत बसायचो."

आकारामला ते आठवलं. दाराआडून बघणारं एक पोरगं, बोलावलं तरी न येणारं. त्या वेळी त्याला वाटायचं, पोरगं लाजरं आहे. आता त्याला नेमकं काय वाटावं, हे कळेना. पोरगं रागावून बोललं नव्हतं. तक्रारही नव्हती ती.

"च्या ठिवू का?" शेवटी तो म्हणाला.

"ठिवा की," वीरधवल म्हणाला.

आकाराम गुडघ्यावर हात टेकून उठला आणि आत वळला. मागून ओवीचा आवाज आला, होडीवरची नजर न काढता.

"आबा, माझ्यात दूध जास्त घाला."